जयंतीचे व्यासपीठ आणि विचारांचा वारसा

थोर व्यक्तीच्या स्मरणार्थ दरवर्षी एक व्याख्यान योजण्याची परंपरा महाराष्ट्रातील विद्यापीठांत आणि ज्ञानसंस्थांत जुनी आहे. आपल्या शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या परंपरेतील दोन प्रसंगांचे स्मरण करावेसे वाटते. दोन्ही प्रसंगी वक्ते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

पहिला प्रसंग २९ जानेवारी १९३९ चा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेच्या वार्षिक समारंभात बाबासाहेबांनी १९३५ च्या कायद्यातील संघराज्याची चिकित्सा केली. मध्यवर्ती विधानसभेच्या ३७५ जागांपैकी १२५ संस्थानांना मिळणार होत्या आणि त्यांवरील सदस्य प्रजेने निवडायचे नसून संस्थानिकांनी नेमायचे होते. अशा संघराज्यातून कोणाला स्वातंत्र्य मिळणार, हा त्यांचा प्रश्न होता.

दुसरा प्रसंग १८ जानेवारी १९४३ चा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या १०१ व्या जयंतीला डेक्कन सभेने त्यांना पुण्यात निमंत्रित केले. त्यांनी रानड्यांचा गौरव केला. पण केवळ गुणगान करून ते थांबले नाहीत. हक्कांचे खरे रक्षण कायद्यापेक्षा समाजाची नैतिक जाणीव करते, हे त्यांनी मांडले. थोर पुरुषाविषयी आदर बाळगणे वेगळे आणि स्वतःची बुद्धी त्याच्या चरणी गहाण टाकणे वेगळे, असा इशाराही दिला. विभूतिपूजेविषयीचा हा इशारा त्यांनी एका जयंतीच्या व्यासपीठावरूनच दिला, हे विशेष. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतही त्यांनी राजकारणातील भक्तीच्या धोक्याची जाणीव करून दिली.

आज आपण त्यांची जयंती कशी साजरी करतो? मिरवणुकीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्यांना गावाच्या रस्त्यावरून ताठ मानेने चालण्याची मुभा नव्हती, त्यांच्यासाठी ती स्वाभिमानाची घोषणा आहे. परंतु मिरवणूक संपल्यावर मुलाच्या हाती काय उरते, हा प्रश्न पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारावा. ज्यांनी प्रश्न विचारायला शिकविले, त्यांच्याच नावाने प्रश्न थांबले, तर तो वारसा आपल्याच हातून निसटेल.

म्हणून माझी विनंती आहे की, शाळेने दरवर्षी एक स्मृती-व्याख्यान योजावे. विषय आधी जाहीर करावा, संबंधित भाषण वसतिगृहातील अभ्यासाच्या वेळेत वाचून घ्यावे आणि सभेचा निम्मा वेळ विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी राखावा. वक्त्याशी मतभेद व्यक्त करण्याची मोकळीकही त्यांना असावी.

जानेफळसारख्या गावातील मुलांना राज्यशास्त्राचे तत्त्वज्ञान झेपेल काय, अशी शंका कोणी घेईल. वर्गाचा प्रतिनिधी गुरुजींनी नेमावा की मुलांनी निवडावा, एवढेच त्यांना विचारून पाहा. १९३९ च्या व्याख्यानाचे मर्म त्या चर्चेत आपोआप उलगडेल. भगवान बुद्धांनीही कालामांना परंपरेच्या किंवा गुरूच्या अधिकारावर विसंबून न राहता स्वतः पारखून घेण्यास सांगितले होते. तीच पारख आपल्या मुलांच्या अंगी बाणावी. महामानवाच्या प्रतिमेला हार अवश्य घालावा. पण त्यानंतर एखादी विद्यार्थिनी निर्भयपणे उभी राहून प्रश्न विचारील, तेव्हाच ती जयंती सार्थ झाली असे मी मानीन.