जिवती आणि गर्भाचे पडदे

श्रावणी शुक्रवारीं आमच्या घरांत लेंकरांसाठीं जिवती पुजतात. त्याच नांवाचा तालुका चंद्रपूर जिल्ह्यांत, माणिकगडच्या डोंगरांत आहे. तेथें कोलाम व गोंड लोकांचीही वस्ती आहे. तेथून अडलेल्या स्त्रीला खालीं आणणें सोपें नव्हे; म्हणून कळा अकालीं कां येतात, हा प्रश्न तेथें केवळ ग्रंथांतला राहत नाहीं.

गर्भाभोंवतीं दोन पातळ पडदे असतात. आंतला प्रोस्टाग्लँडिन हें कळा आणणारें द्रव्य बनवितो, बाहेरचा तें मोडून टाकतो. दिवस भरत आले कीं तें घडविणाऱ्या विकराचें जनुक आंतल्या पडद्यांत जागें होतें. त्याला उठवितें कॉर्टिसोल. आणि मौज अशी कीं, निष्क्रिय कॉर्टिसोनापासून कॉर्टिसोल घडविणारें विकरही या पडद्यांतच वाढलेलें असतें!

परंतु जंतुसंसर्गानेंही हेंच जनुक उठतें, मग सातव्या महिन्यांतही कळा येऊं शकतात. लघवीची जळजळ "व्हायचीच" म्हणून सोडून देणाऱ्या वडील बायका आमच्याही घरांत आहेत.

अशा वेळीं आईला कॉर्टिसोलच्या जातीचें औषध टोंचल्यास बाळाचीं फुप्फुसें लवकर पक्व होतात, हें न्यूझीलंडांतील लिगिन्स व हॉवी यांनीं १९७२ मध्यें दाखविलें. मात्र त्याचा गुण पुरता येण्यास एखाद-दुसरा दिवस लागतो, आणि डोंगरावरून निघालेल्या स्त्रीजवळ बहुधा तेवढाच नसतो.