उधारीची साखळी

केदारेश्वराच्या दर्शनाला धर्मापुरीत गेलो, की ओळखीच्या एका किराणा दुकानात मी हटकून टेकतो. गल्ल्यात नोटा थोड्या, वही मात्र जाडजूड! ‘सोयाबीन निघालं की देतो,’ एवढ्या शब्दावर तेल-साखर घरी जाते. या दुकानदारासाठी घाऊक व्यापारी थांबतो आणि त्याच्यासाठी त्याच्या वरचा. खत-बियाण्यांच्या दुकानातही हीच रीत. शब्द हेच तारण.

या उधारीला मी नावे ठेवणार नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीने रोकड आटली, तेव्हा अनेक घरांच्या चुली या वह्यांनीच पेटत्या ठेवल्या. एखाद्या घरी आजारपण आले, तर दुकानदार ते सोसतो. परंतु इथे सर्वांचा वायदा एकाच पावसावर असतो. ऐन काढणीत सोयाबीन भिजले, की एक नव्हे, सगळीच खाती एकदम थकतात. मग वरचा व्यापारी माल रोखतो आणि ज्याने कधीच थकवले नाही, त्यालाही रोख मोजावी लागते.

उसाचेही तेच. गाळपाला ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. कारखान्याने बिल लांबवले, तर शेतकरी नकळत कारखान्याचा सावकार होतो आणि त्याला उधार देणारा किराणावालाही!

त्यात ठेवी अडकल्या तर? २०२३ मध्ये बीडच्या ‘ज्ञानराधा मल्टिस्टेट’मध्ये हजारोंचे पैसे अडकले. बँकेतील ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो लागू नाही. अडीअडचणीची पुंजीच गोठली, तर उधारी फेडायची कशातून?

लघुउद्योगांची बिले ४५ दिवसांत चुकती करावीत, असा २००६ चा कायदा आहे. २०२४ पासून त्याला प्राप्तिकराचीही जोड मिळाली. पण निव्वळ खरेदी-विक्री करणारा दुकानदार या संरक्षणाबाहेरच राहिला.

बँका बुडू नयेत म्हणून रिझर्व्ह बँक डोळ्यांत तेल घालून बसते. या वह्यांवर मात्र कोणाचीच नजर नाही. म्हणून मला वाटते, पहिली सुधारणा सोपी आहे : ज्यांचे हात मोठे, त्यांनी आधी वेळेवर द्यावे. कारखान्याचे बिल चौदाव्या दिवशी आले, तर धर्मापुरीच्या त्या वहीतली कितीतरी पाने आपोआप कोरी होतील.