जोडी नको, घोळका हवा

फिशटँक घरी आला, की आपण रंग बघून मासे निवडतो. वर ‘प्रत्येकाची जोडी द्या हं!’ भाव करतो, तसा स्वभावही विचारावा ना! टायगर बार्बची जोडी एंजलसोबत सोडली, की एंजलच्या झुळझुळीत परांच्या चिंध्या होतात. मग बार्ब मारकुटा ठरतो. अहो, तो घोळक्यातला मासा. सात-आठ जण असले, की पाठलाग बराचसा आपापसातच चालतो. दोघांनाच ठेवणं हा मला तरी जुलूमच वाटतो. अर्थात एंजल, गप्पी, फायटर त्यांच्याजवळ नकोतच. फायटरचे दोन नर तर कधीच एकत्र नकोत. आणि तो बोटभर, गोजिरवाणा ऑस्कर? फूटभर वाढतो, बरं का! तोंडात मावेल तो मासा गिळतो. निऑन टेट्रा तर एका घासाचे.