तबेल्याची दिवाळी

माथेरानला दस्तुरी नाक्यावर मोटार सोडली की पुढे आम्हांला घोडाच लागतो. आमचा घोडेवाला वर्षानुवर्षे ठरलेला. गेल्या दिवाळीच्या सुटीत त्याला शोधत गेलो, तो अख्खे घर जुन्या तबेल्यात राबत होते! पावसाने कौले फुटली होती, भिंतीच्या बुडाला ओल चढली होती. थोरला मुलगा मुरूम चोपून जमिनीला उतार काढत होता.

"ओलीत उभं राहिलं की खूर कुजतो, मास्तर. घोडा लंगडला की हंगाम बुडाला."

मी आपला मास्तरी बाणा सोडीना. "तबेला कसला? पागा म्हणा!" म्हटले. कोणी वर पाहिले नाही.

वहिनी आढ्याजवळ वाऱ्याला फट ठेवून घेत होत्या. कोंडलेल्या मुताच्या वासाने घोड्याची छाती बिघडते. शेजारीच त्यांचे घर. त्याच्या छपरावर मात्र निळे प्लॅस्टिक, वर दगड.

"आणि हे कधी शाकारणार?"

"कौलं एकापुरतीच आली, भाऊ. आम्ही गळतं तिथून सरकून निजतो. त्यांना बांधलेलं असतं ना."

संध्याकाळी पहिली पणती तबेल्याच्या दारात लागली. गवतापासून चांगली चार हात लांब.