करारनाम्यावर सही करण्याआधी भिंतीबद्दल विचारा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या सभासदांनो, तुमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लागली असेल, नाहीतर येत्या काही महिन्यांत लागेल. इमारत तीस वर्षांच्या पुढे गेली आहे. प्लास्टर पडतंय, कॉलमच्या सळ्या उघड्या पडल्यात. पुनर्विकासाशिवाय आता गत्यंतर नाही.

सभेत काय काय निघणार हे तुम्हाला पाठ आहे. कार्पेट एरिया किती वाढणार, कॉर्पस किती, भाडं किती आणि दरवर्षी किती वाढवून मिळणार, पार्किंग कुणाला. हे सगळं विचारा. भांडून विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण एक प्रश्न या यादीत बहुतेक ठिकाणी नसतोच, आणि त्याची किंमत तुमच्या घरातली माणसं पुढची पन्नास वर्षं मोजत राहतात. नवं घर उन्हाळ्यात तापणार किती? त्यात पंख्यावर झोपता येईल, की प्रत्येक खोलीत एसी लावावाच लागेल?

हा प्रश्न आत्ता विचारा. विकास करारनाम्यावर सही होण्याआधी विचारा. एकदा पालिकेची परवानगी म्हणजे आयओडी आलं, बांधकाम सुरू करायचा दाखला म्हणजे सीसी मिळालं, पाया खणला गेला, की भिंत कशाची आणि खिडकी केवढी हे तुमच्या हातात राहत नाही.

एक काम करा. तुमच्या भागात नुकत्याच उठलेल्या एखाद्या टॉवरमध्ये ओळखीचं कुणी राहायला गेलं असेल, तर मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास त्यांच्याकडे जा. पश्चिमेकडच्या बेडरूमच्या भिंतीला आतून तळहात लावा. सूर्य मावळून दोन तास होत आले तरी भिंत चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी धग सोडत असते. मग खिडकीकडे बघा. वर छज्जा नाही. काच मोठी, पण सरकत्या दोन पाल्यांपैकी एका वेळी एकच बाजू उघडते. म्हणजे अर्धी खिडकी कायमची बंद.

तुमच्या जुन्या घरात नऊ इंची विटांची भिंत होती. खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा होता आणि झडपा सताड उघडायच्या. नव्या टॉवरमध्ये बाहेरची भिंत अनेकदा माइवानची असते. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं सहा इंची काँक्रीट. त्यात स्लॅब झटपट पडतो, गिलावा वाचतो, बिल्डरचे महिने वाचतात. मजबुतीला ती भिंत चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आठ इंची सिपोरेक्स ब्लॉकच्या भिंतीतून जेवढी उष्णता आत येते, तिच्या जवळजवळ पाचपट या काँक्रीटमधून येते. दिवसभर ऊन पिऊन रात्री ती उष्णता खोलीत उतरते.

त्या खोलीत झोपणार कोण? तुमची आई, जिला रक्तदाबाची गोळी आहे. तुमचं नातवंड. दहावीला बसलेला मुलगा. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. मग एसी लागतो. एसीचं बाहेरचं युनिट डक्टमध्ये गरम हवा फेकतं, म्हणून शेजारच्यांनाही खिडकी लावून एसी चालू करावा लागतो. बिल वाढतं. त्यात लिफ्टचं, पंपांचं, पोडियमच्या दिव्यांचं बिल मेंटेनन्समधून येतं. पेन्शनवर जगणारी जोडपी मिळालेलं मोठं घर विकून विरार-बदलापूरकडे निघून जातात, ती एका कारणाने जात नाहीत. पण दर महिन्याचा हा खर्च त्या कारणांत असतोच.

हे टाळता येतं. त्यासाठी तुम्हाला इंजिनिअर व्हायची गरज नाही. मोजमापं ठरलेली आहेत, ती तपासणाऱ्या संस्था आहेत. तुम्ही फक्त नावं ओळखून मागायचं आहे.

सगळ्यात आधी इको-निवास संहिता. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने, म्हणजे तुमच्या फ्रिजवर तारे लावणाऱ्या बीईईने, डिसेंबर २०१८ मध्ये ही खास घरांसाठी काढली. ती पदक देत नाही, किमान पातळी ठरवते. म्हणूनच मला ती सगळ्यांत कामाची वाटते. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने मर्यादा घातली आहे: बाहेरच्या आवरणाच्या दर चौरस मीटरमागे सरासरी १५ वॅट, त्याहून जास्त नाही. याला आरईटीव्ही म्हणतात. तुमच्या आर्किटेक्टला हा आकडा काढता येतो, त्यासाठी ब्युरोनेच साधन तयार केलं आहे. काँक्रीटची भिंत ठेवायची असेल तर छज्जा, चांगली काच किंवा भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर देऊन हा हिशेब जुळवावा लागतो. तो बिल्डरला जुळवू द्या.

याच संहितेतला दुसरा नियम तर मुंबईकरांनी तोंडपाठ करावा. उष्ण-दमट हवेच्या शहरांत घराच्या कार्पेटच्या किमान एक षष्ठांश इतका भाग हवेसाठी उघडता आला पाहिजे. सहाशे चौरस फुटांचं घर असेल तर शंभर चौरस फूट. बाल्कनीचं दार यात धरतात, कॉरिडॉरमध्ये उघडणारं दार धरत नाहीत. प्लॅन हातात आला की फूटपट्टी घ्या आणि आपल्या घराचा हिशेब स्वतः करा. सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग मोजा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तेवढ्यात कळतं की समोरचा माणूस तुम्हाला घर देतोय की काचेची पेटी.

२०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १०० किलोवॅटच्या वरचा वीजभार असलेल्या निवासी इमारतीही ऊर्जा संहितेच्या कक्षेत आणल्या गेल्या. पण सक्तीची वाट बघत बसू नका. तुमचा करारनामा हा तुमचा कायदा आहे. त्यात लिहिलंत की बिल्डर बांधला गेला.

आता पदकांकडे या. होर्डिंगवर तुम्हाला बहुधा आयजीबीसी दिसेल. सीआयआय या उद्योगसंघटनेच्या छत्राखाली २००१ पासून काम करणारी ही इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल. तिच्या ग्रीन होम्स योजनेत सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत. योजना चांगली आहे, पण ती गुणांवर चालते. काही अटी सक्तीच्या असतात, बाकीचे गुण पाणी, साहित्य, जागेची निवड अशा निरनिराळ्या खात्यांतून जमवता येतात. म्हणून नुसतं 'गोल्ड' ऐकून मान डोलवू नका. ऊर्जेच्या खात्यात किती गुण घेणार ते लेखी मागा.

ग्रिहा ही टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मिळून उभी केलेली देशी पद्धत. एक ते पाच तारे. बांधकाम चालू असताना साइटवर येऊन पाहणी होते, ही तिची जमेची बाजू. तुमचा प्लॉट छोटा असेल आणि बांधकाम अडीच हजार चौरस मीटरच्या आत बसत असेल, तर तिचीच सुटसुटीत आवृत्ती आहे, स्वग्रिहा.

तिसरं नाव एज. जागतिक बँकगटातल्या आयएफसीने हे काढलं. नेहमीच्या स्थानिक बांधकामापेक्षा वीज, पाणी आणि साहित्य बनवायला लागणारी ऊर्जा, या तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवावी लागते. तिन्हींत वेगवेगळी. पाण्यात कमावलं आणि विजेत घालवलं, असं इथे चालत नाही. एकाच इमारतीच्या मध्यम सोसायटीला मी हेच सुचवेन. म्हाडाच्या मोठ्या लेआउटमध्ये, पंतनगर किंवा डी. एन. नगरसारख्या ठिकाणी, जिथे रस्ते, झाडं, सांडपाणी सगळं एकत्र उभं राहतं, तिथे ग्रिहा किंवा आयजीबीसी जास्त शोभते. यांच्याशिवाय बीईईचं घरांसाठीचं स्टार लेबलही आहे, वर्षाला दर चौरस मीटर किती वीज लागणार यावर तारे देणारं. बिल्डर ते घ्यायला तयार असेल तर नाही म्हणू नका.

पण नाव कुठलंही निवडा, खाली इको-निवास संहिता ठेवाच.

आणि एका शब्दावर थांबा: प्री-सर्टिफाइड. याचा अर्थ एवढाच की कागदावरचं डिझाइन चांगलं आहे. इमारत तशी बांधली गेली का, ते अंतिम प्रमाणपत्र सांगतं आणि ते काम पूर्ण झाल्यावर मिळतं. मधल्या तीन-चार वर्षांत काच बदलते, ब्लॉकच्या जागी काँक्रीट येतं, छज्जा 'एलिव्हेशनसाठी' गायब होतो. ब्रोशरवरचं हिरवं पान मात्र तसंच राहतं. तुमची फसवणूक कुणी मुद्दाम करील असं मी म्हणत नाही. पण जे लेखी नाही आणि ज्याला पैसे बांधलेले नाहीत, ते बांधकामाच्या घाईत सगळ्यांत आधी कापलं जातं. म्हणून कॉर्पसच्या रकमेइतक्याच काटेकोरपणे लिहून घ्या: अंतिम प्रमाणपत्र सोसायटीच्या हाती येईपर्यंत बँक गॅरंटीचा ठरावीक भाग सुटणार नाही. खर्च कुणाचा? बिल्डरचा. मुदत किती? ताबा दिल्यापासून मोजून. हेही लिहा.

गच्ची विसरू नका. वरच्या दोन मजल्यांवर कोण जाणार याची चिठ्ठी अजून निघालेली नाही, ते घर तुमचंही असू शकतं. ब्रिकबॅट कोब्यावर पांढरा चायना मोझेक मागा, ऊन परत फेकतो. सोलरसाठी जागा प्लॅनवरच राखून ठेवा, टाक्यांची सावली तिच्यावर पडणार नाही अशी. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्य घर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी दर किलोवॅटमागे १८,००० रुपयांचं अनुदान आहे. मुलुंडमध्ये महावितरण आहे, अंधेरी-बोरिवलीत अदानी किंवा टाटा. अर्ज कुणाकडे करायचा ते त्यावर ठरेल, पण पाइप आणि वायरिंगची वाट इमारतीत आधीच सोडलेली हवी.

पाण्याचंही ऐका, कारण ते फक्त तुमच्या नळाचं प्रकरण नाही. जून २०२४ मध्ये धरणांनी तळ गाठला आणि मुंबईत १० टक्के पाणीकपात झाली. तुम्ही तेव्हा बादल्या भरून ठेवल्या. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया टँकरची वाट बघत उभ्या असतात. त्यांच्या शेजारचं पाणी पाइपातून आपल्याकडे येतं. म्हणून हेही मागा: नळांना एरेटर, दोन बटणांचे फ्लश, आंघोळीचं पाणी स्वच्छ करून फ्लशला देणारी वेगळी लाइन. ही लाइन इमारत उठताना टाकली तर सोपी आहे, नंतर टाकायची म्हणजे प्रत्येक बाथरूम फोडायचं. हे तुम्ही ऐकून घ्याल आणि सोडून द्याल, अशी माणसं तुम्ही नाही.

कुणीतरी म्हणेल, "जास्त मागितलं तर बिल्डर पळून जाईल." पळणार नाही. तुमच्याकडे जमीन आहे, तीही अंधेरीत, घाटकोपरला. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ चे निर्देश आहेत. त्यात आधी व्यवहार्यता अहवाल येतो, मग निविदा, मग सभेत सभासदांच्या बहुमताने बिल्डरची निवड. म्हणून प्रमाणपत्राची ही अट निविदेतच घाला. सगळे बिल्डर एकाच अटीवर बोली लावतील, कुणालाच अन्याय वाटणार नाही. निविदा आधीच निघाली असेल तर करारनाम्याच्या मसुद्यात घाला. मसुदा झाला असेल तर पुरवणी जोडा. सीसी मिळालं असेल तरी काचेचा दर्जा, गच्चीचा थर, नळ, सोलरची वाट एवढं अजून वाचवता येतं. मागा.

वेळ कमी आहे. उपनगरात आज एकेका गल्लीत दोन-तीन सोसायट्या सहीच्या टेबलापाशी आहेत. तुमची त्यांतली असेल तर या आठवड्यात कामाला लागा. शेजारच्या चार सभासदांना घरी बोलवा. ज्यांची घरं पश्चिमेला येणार आहेत त्यांना आधी बोलवा. पीएमसीला, म्हणजे सोसायटीच्या प्रकल्प सल्लागाराला, फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: आरईटीव्ही किती येतोय, उघडणारा भाग किती, अंतिम प्रमाणपत्र कुणाचं. उत्तर ईमेलवर मागा.

मग सेक्रेटरींना पत्र द्या. मजकूर एवढा पुरे: "नवीन इमारत इको-निवास संहितेची पूर्तता करील, ग्रिहा, आयजीबीसी किंवा एज यांपैकी सभेने ठरवलेल्या एका संस्थेचं अंतिम प्रमाणपत्र विकासक स्वखर्चाने मिळवील, आणि ते मिळेपर्यंत बँक गॅरंटीचा सभेने ठरवलेला भाग सोसायटीकडे राहील, असा ठराव येत्या विशेष सर्वसाधारण सभेत मांडण्यात यावा." खाली जमतील तेवढ्या सभासदांच्या सह्या घ्या, फ्लॅट नंबरासकट. दोन प्रती काढा, एकीवर सोसायटीचा शिक्का आणि तारीख घालून पोच घ्या. सभेच्या दिवशी ठराव वाचला गेला नाही, तर उठून तो तुम्ही वाचा आणि इतिवृत्तात नोंद करायला लावा.