लोहाच्या जागी जस्त

शाळेत आरोग्य तपासणी झाली की तुमच्या कार्डावर हिमोग्लोबिनचा आकडा लिहितात. तो कमी निघाला की लोहाच्या गोळ्या देतात आणि बहुधा विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये, असे माझे मत आहे.

हिमोग्लोबिनमध्ये लोह कसे येते ते पाहा. हाडांच्या मगजात तांबडी पेशी तयार होत असताना प्रोटोपॉर्फिरीन नावाचे कड्याच्या आकाराचे संयुग बनते. याला आपण कोंदण म्हणू. अगदी शेवटी एक विकर या कोंदणात लोहाचा अणू बसवते आणि हीम तयार होते. प्राणवायू धरून ठेवतो तो हाच लोहाचा अणू. पण लोह मिळालेच नाही तर? तर कोंदणात जस्ताचा अणू जाऊन बसतो, आणि जस्ताला प्राणवायू वाहता येत नाही. खड्याच्या जागी काच बसावी तसे हे झाले! अंगात शिसे गेले तरी असेच घडते, कारण शिसे त्या विकराच्या कामात अडथळा आणते.

गंमत अशी, की जांभळ्या प्रकाशात हे जस्ताचे संयुग केशरी-तांबडे चमकते. लोहाचे हीम चमकत नाही. लोहाची कमतरता आणि शिशाची विषबाधा या दोन्हींत ते वाढते, हे लॅमोला आणि यामाने या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवले. मग ते मोजण्याचे यंत्रही झाले. त्याला रक्ताचा एक थेंब आणि काही सेकंद पुरतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा गेल्या तीनचार महिन्यांची हकीकत सांगतो. शिवाय लोह कमी पडू लागले की तो हिमोग्लोबिन घसरण्याच्या आधीच वाढू लागतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. या सगळ्यांचे कारण एकच असेल का? थॅलेसेमियाच्या वाहकांचेही हिमोग्लोबिन थोडे कमी असते, पण त्यांच्यात जस्ताचा आकडा सहसा फारसा चढत नाही. त्यांना नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन काय साधणार?

ही चाचणी जुनी झाली, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत लहान मुलांतील शिसे हुडकायला ती वापरत. १९९१ साली तिथे शिशाची धोक्याची पातळी डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमवर आणली, आणि इतके थोडे शिसे या चाचणीत सापडत नाही म्हणून रक्तातले शिसेच मोजू लागले. ते योग्यच झाले. पण शिशाच्या कामी ती अपुरी पडली म्हणून लोहाच्या कामीही तिला अडगळीत टाकावे, हे मला पटत नाही. दीर्घकाळच्या जंतुसंसर्गातही आकडा वाढतो, हे खरे. ही दारावरची घंटा आहे. कोण आले ते दार उघडून पाहावेच लागते. त्यासाठी फेरिटिनची तपासणी आहे. आणि घराजवळ जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवत असतील, तर जस्ताचा आकडा काहीही येवो, रक्तातले शिसे मोजून घ्यायला हवे.

पुढच्या तपासणीला तुमचे हिमोग्लोबिन कमी निघाले, तर डॉक्टरांना विचारा: ‘कशामुळे?’