डायरेक्ट सेकंड इयर आणि एम-थ्री

परवा सोलापूरहून मावसभावाचा फोन आला. डिप्लोमाचा निकाल लागला, ८१ टक्के. मी अभिनंदन म्हणेपर्यंत याचा प्रश्न तयार. "दादा, डायरेक्ट सेकंड इयर घेऊ का नको? सगळे म्हणालेत एम-थ्री झेपत नाही."

च्यायला! नऊ-दहा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच विचारत फिरत होतो.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक, आणि मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात. सीईटी नाही, डिप्लोमाच्या टक्क्यांवर मेरिट लागतं. त्यामुळे बारावी करून आलेल्यांना वाटतं, हे मागच्या दाराने घुसले. तेही चूक नाही म्हणा, क्लासला लाखभर रुपये घालून दोन वर्षं घासलेली असतात त्यांनी. पण ज्या घरात ते लाखभर नसतात तिथला हिशेब वेगळा असतो. सोलापुरात बाप यंत्रमागावर आणि आई विड्या वळतेय अशा घरातला पोरगा डिप्लोमा घेतो, कारण मध्येच पैसे संपले तरी हातात नोकरीपुरता कागद राहतो. बारावी सायन्सचा नुसता कागद घेऊन काय करणार?

तर, दुसऱ्या वर्षात आम्ही डिप्लोमावाले बसलो. प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये आम्ही राजे होतो. सी, जावा सगळं आधी झालेलं. बाकीची पोरं पॉइंटरला अडकायची, आम्ही त्यांचे प्रोग्रॅम चालवून द्यायचो. पण गणिताच्या तासाला सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे तुम्ही फर्स्ट इयरला केलंच आहे" आणि थेट पुढे गेले. पार्शल डिफरन्सिएशन, बीटा-गॅमा, दुहेरी इंटिग्रेशन.. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय! डिप्लोमाला गणित नसतं असं नाही, असतं, पण ते या गावापर्यंत पोचतच नाही. त्यात आमचे प्रवेश उशिरा झालेले, म्हणजे महिनाभराचा अभ्यासक्रमही आधीच उरकलेला. माझा एम-थ्री दोनदा राहिला. वर्गात मग एक समजूत पसरते, की डिप्लोमावाल्यांना डोकं कमी. वाईट म्हणजे आम्हालाही ती पटायला लागते. माझ्या बेंचवरचा एकजण त्याच वर्षी सोडून गेला. सोल्डरिंग आणि सर्किटमध्ये त्याचा हात धरणारा वर्गात कुणी नव्हता.

आमच्या क्लायंटकडचा एक अमेरिकन सहकारी कम्युनिटी कॉलेजमधून युनिव्हर्सिटीत गेलेला. त्याची रडकथा बरोबर उलटी. तिकडे एकेक विषय तपासतात, आणि नव्या युनिव्हर्सिटीने त्याचे बरेच क्रेडिट धरलेच नाहीत. अपवाद नाही हा. तिथल्या सरकारी लेखातपासणी कार्यालयाच्या २०१७ च्या अहवालानुसार, बदली घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी अंदाजे ४३ टक्के क्रेडिट वाया जातात. त्या मानाने आपल्याकडे अख्खं वर्ष एका फटक्यात माफ, आणि मला ते योग्यच वाटतं. पण त्या माफ केलेल्या वर्षात काय होतं आणि त्यातलं या पोराला काय येतं, हे कुणी बघतच नाही.

मला खरा राग येतो तो मधल्या रिकाम्या दिवसांचा. डिप्लोमाचा निकाल साधारण जूनमध्ये लागतो. कॅप राउंड, कागदपत्रं, नॉन-क्रिमिलेअरसाठी तहसीलच्या चकरा, हे करत प्रवेश पक्का व्हायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. दोन महिने पोरगं घरी बसून मोबाईल बघतं. या दोन महिन्यांत रोज दोन तास फर्स्ट इयरचं गणित शिकवायला कितीसा खर्च येणार आहे? वर्गखोल्या आहेत, सर आहेत. आणि काही कॉलेजं तर एकाच आवारात डिप्लोमा आणि डिग्री दोन्ही चालवतात! काही ठिकाणी ब्रिज कोर्स घेतातही, पण कॉलेज सुरू झाल्यावर, सबमिशनच्या गर्दीत, संध्याकाळी पाचनंतर. तेव्हा बार्शी-मोहोळची पोरं एसटी पकडायला पळत असतात.

"झेपत नसेल तर बारावी करायची होती" असं एकाने मला तोंडावर ऐकवलं होतं. पंधरा वर्षांचं पोर दहावीच्या निकालाच्या दिवशी घरातले पैसे बघून जे ठरवतं, त्याचा दंड एकोणिसाव्या वर्षी गणितात का भरायचा? आणि ज्याला पॉइंटर कळतो त्याला पार्शल डेरिव्हेटिव्ह कळत नाही, हे मला तरी पटत नाही. मला कळलं, फक्त तिसऱ्या खेपेला. तेही एका बारावीवाल्या मित्राने शिकवलं म्हणून. बदल्यात मी त्याचं मायक्रोप्रोसेसरचं जर्नल पूर्ण करून दिलं :)

असो. भावाला सांगितलं, घे डायरेक्ट सेकंड इयर. मात्र कॅपच्या यादीची वाट बघत बसू नकोस, फर्स्ट इयरच्या कुणाचं तरी गणिताचं पुस्तक आजच आण. रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल ठरलाय, सोमवारपासून. मला स्वतःला बीटा-गॅमा काही आठवत नाहीये, त्यामुळे हा वीकेंड त्यातच जाणार.